भरतीच्या आत पुरावा: सातपाटीची खाडी कोर्टात कशी पोचली

हा आपल्या भागाचा लिखित अवतार. ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं तर वाचायला बरा.

आज पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीला जाऊ. हे पापलेटचं बंदर. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राने राज्यमाशाचा मान दिला, पण सातपाटीची चूल त्यावर कितीतरी पिढ्या चालत आलीय. गावालगत खाडी आहे आणि पलीकडच्या काठाला मुरबे. थोडं उत्तरेला नवापूर, दांडी. आणि या सगळ्यांच्या आतल्या अंगाला बोईसर-तारापूरची एमआयडीसी: रसायनं, औषधं, कापड, स्टील.

पापलेटसाठी होडी लागते, डिझेल लागतं, बर्फ लागतो. खाडीला यातलं काहीच लागत नाही. ओहोटी लागली की बायका आणि म्हातारी माणसं चिखलात उतरायची. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं जे मिळेल ते टोपलीत. भांडवल शून्य, संध्याकाळचं कालवण नक्की. म्हणून कारखान्याचं पाणी आलं तेव्हा पहिला फटका याच लोकांना बसला. पापलेट कमी होण्यामागे तर लहान पिल्लं पकडण्यासारखी इतरही कारणं आहेत. खाडीतल्या निवटीला मात्र पळून जायला जागाच नाही.

आता मला पडलेला प्रश्न. कायदा नव्हता का? होता की! पाणी प्रदूषणाचा केंद्राचा कायदा १९७४ चा. आपल्या राज्याने तर १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. म्हणजे तारापूरची वसाहत वाढत होती, त्याच काळात तिच्यावर लक्ष ठेवणारं ऑफिसही होतं. मग अडलं कुठे?

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. आमच्याकडे साधा नियम: लॉग नाही तर बग सिद्ध होत नाही. खाडीचा प्रॉब्लेम नेमका हाच. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि पाणी पातळ करून टाकते. रात्री सोडलेलं रंगीत पाणी सकाळी नमुना घेणारा माणूस येईपर्यंत निघून गेलेलं असतं. मागे उरतात मेलेले मासे. पण कुठल्या पाण्याने मेले, ते पाणी कुणाच्या पाइपमधून आलं, हे मासा सांगत नाही. मच्छीमाराला सगळं माहीत असतं, पण त्याचं माहीत असणं कागदावर नसतं.

दार उघडलं ते २०१० मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणामुळे. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची, हे तत्त्व या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. नुकसान झालेला कुणीही थेट अर्ज करू शकतो. मात्र भरपाई मागायला पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे तारीख महत्त्वाची.

२०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे अर्ज गेला. अर्जदार कोण? कुठली मोठी शहरी संस्था नाही, तर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. मच्छीमार समाजाची स्वतःची संघटना! तिचं म्हणणं असं की, एमआयडीसीच्या सांडपाण्याने नाले, खाड्या आणि किनारा बिघडतोय आणि आमचा धंदा बसतोय.

केस चालू असतानाच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०१८ चा निर्देशांक आला. हवा, पाणी, जमीन मिळून देशातल्या १०० औद्योगिक भागांची मोजणी. तारापूरला ९३.६९ गुण, म्हणजे देशात सगळ्यात वाईट. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता होती रोज २५ दशलक्ष लिटर, आणि येणारं पाणी त्याहून जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ओव्हरलोड, आणि ओव्हरफ्लो खाडीत. तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि २४ जानेवारी २०२२ ला निकाल आला. कारखाने आणि प्रक्रिया केंद्र, दोघांवरही पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली गेली.

सहा वर्षं लागली. जास्त वाटतात? जपानमधलं मिनामाता बघा. तिथल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. १९५९ मध्ये मच्छीमार कारखान्यात घुसले. कंपनीला जबाबदार धरणारा कोर्टाचा निकाल आला १९७३ मध्ये. तिथेही आधी ओरडले ते मासे पकडणारेच.

दंड ठोठावला म्हणून निवटी परत येत नाही. गाळात बसलेली रसायनं निकाल वाचत नाहीत. पण एक गोष्ट बदलली: ‘खाडी खराब झालीय’ हे आता फक्त सातपाटी-मुरब्याच्या बायकांचं म्हणणं राहिलं नाही, ते सरकारी कागदावर आलं.

तुमच्या गावच्या नदीत, तलावात फेस दिसला तर फोटो काढाच. पण सोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि खाडी असेल तर भरती की ओहोटी, हेही लिहून ठेवा. नुसतं स्टेटसला टाकू नका, प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ती पोच म्हणजेच लॉग.

तुमच्याकडच्या पाण्याची गोष्ट असेल तर आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!