एकसष्ट आणि १,७६,६३,१९,०४९

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक प्रश्न आहे: ज्याच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येईल, असा पूर्णांक कोणता? ६१च्या जागी ६० असते तर ४ पुरले असते. ६० × १६ + १ म्हणजे ९६१, हा ३१चा वर्ग. ६२ला ८ पुरतात. मधल्या ६१ला मात्र निदान २२,६१,५३,९८० लागतात आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ निघते १,७६,६३,१९,०४९. एकेक संख्या तपासत बसणाऱ्याचा जन्म सरेल.

या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणत. दोन उत्तरांवरून तिसरे काढण्याची ‘भावना’ ही रीत ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिली होती. पुढची ‘चक्रवाल’ रीत जयदेवाची. त्याचे श्लोक १०७३ सालच्या उदयदिवाकराच्या टीकेत आहेत. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ती नीट घडवून मांडली. ६१साठी सुरुवात ८पासून होते: ८चा वर्ग ६१हून ३ने जास्त. चक्राच्या एकाच फेऱ्यात ३९ आणि ५ हाती येतात. ३९चा वर्ग ६१ × २५पेक्षा ४ने कमी. हा फरक, म्हणजे क्षेप, उणे ४ आला की पुढचे काम भावनेचे. तिने २९,७१८ आणि ३,८०५ मिळतात, तेव्हा फरक उणे १ उरतो. या जोडीची स्वतःशीच भावना केली की उत्तर तयार. म्हणूनच त्या मोठ्या संख्येतून १ वजा केला तर २९,७१८च्या वर्गाची दुप्पट उरते, आणि १ मिळवला तर ३,८०५च्या वर्गाची १२२ पट होते.

भास्कराचार्य कुठले, यावर मात्र वाद आहे. १५८७ साली त्यांची ‘लीलावती’ फारसीत आणणाऱ्या फैझीने त्यांचे गाव बिदर म्हणून दिले. हे पटण्यासारखे नाही. स्वतः भास्कराचार्य आपले विज्जडविड सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे सांगतात, आणि बिदरहून सह्याद्री बराच लांब. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावा अधिक भक्कम आहे. तिथल्या १२०७च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: बाजारातल्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिला, असे त्यात म्हटले आहे. गणिताची शाळा बाजारकरावर चालावी, ही व्यवस्था मोठी व्यवहारी.

१६५७ साली फ्रान्समध्ये फर्माने नेमका ६१चाच प्रश्न घातला; भास्कराचार्यांचे उत्तर त्याला ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या ब्राउंकरने रीत शोधली, ऑयलरने चुकून श्रेय पेलला दिले, आणि उत्तर प्रत्येक वेळी मिळतेच हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. स्ट्रेचीने १८१३ साली ‘बीजगणित’ फारसीवरून आणि कोलब्रुकने १८१७ साली संस्कृतातून इंग्रजीत नेले, तोवर या समीकरणाला पेलचे नाव कायमचे चिकटले होते.