कियांतीच्या कृतीतली गळालेली अट

कियांती म्हणजे इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या टेकड्यांवरची मिश्र द्राक्षांची रेड वाइन. तिची कृती बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ च्या एका पत्रात दिली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण ते पत्र नीट वाचा. सांजोवेझेने सुगंध आणि जोम येतो, कानायोलोने करकरीतपणा कमी होतो, पांढऱ्या माल्वाझियाने वाइन हलकी होते. वर्षानुवर्षं मुरवायच्या वाइनला मात्र माल्वाझिया नसली तरी चालेल, असं तिथे म्हटलंय. १९६७ च्या सरकारी नियमांत ही अट गळाली आणि किमान १० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची झाली. पुढे २००६ पासून 'कियांती क्लासिको'त त्यांना बंदीच आली. तेव्हा मित्रांनो, 'मूळ कृती' असा उल्लेख दिसला, की मूळ साधन स्वतः उघडून बघा.