पारध्याची होडी

नौकानयनाचा इतिहास म्हटला म्हणजे तो बहुधा मोठ्या गलबतांचाच इतिहास असतो. कोणत्या आरमारानें कोणास बुडविलें आणि कोणत्या कप्तानानें कोणती भूमि शोधून काढली, अशा हकीगतींनीं ग्रंथांचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु जींत एकच मनुष्य मावतो, जी तो खांद्यावर टाकून चालूं शकतो, आणि जी पाण्यावरून जातांना कांठच्या बगळ्यासहि चाहूल लागत नाहीं, अशा होडीच्या वांट्याला इतिहासकार फारसा येत नाहीं. अमेरिकेंतील किंवा युरोपांतील एखाद्या लहानशा, निवांत तळ्यावर सकाळच्या प्रहरीं कयाक नांवाच्या चिंचोळ्या होडींत बसून बदकें, कासवें व पाणपक्षी पाहत तासन् तास घालविणारीं माणसें आज पुष्कळ आढळतात. छंद मोठा निरुपद्रवी दिसतो. तथापि ही होडी जन्मास आली ती पाहण्यासाठीं नव्हे, मारण्यासाठीं. मारण्याच्या साधनाचें पाहण्याच्या साधनांत रूपांतर कसें झालें, आणि तें पुरें झालें आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें वाचकांपुढें ठेवणार आहों.

कयाक ही उत्तर ध्रुवाकडील लोकांची निर्मिति होय. ह्या लोकांस युरोपीय ग्रंथकार 'एस्किमो' म्हणत आले. त्यांपैकीं ग्रीनलंड व कॅनडाकडील लोक स्वतःस 'इन्युइट' म्हणवितात. त्यांच्या मुलखांत लाकडाचें दुर्भिक्ष फार. समुद्रानें वाहून आणलेल्या लाकडांच्या पट्ट्या काढावयाच्या, चामड्याच्या वाद्यांनीं बांधून त्यांचा सांगाडा उभा करावयाचा, आणि त्यावर सीलचें कातडें ताणून बसवावयाचें, अशी ह्या होडीची रचना. कातडें शिवण्याचें काम स्त्रियांचें. प्राण्यांच्या स्नायूंच्या तंतूंनीं घातलेली त्यांची शिवण अशी असे कीं, तिच्यांतून पाण्याचा थेंब आंत येऊं नये. होडीचीं मापें तिच्या मालकाच्या हातांवरून आणि कमरेवरून घेत. त्यामुळें अंगरख्याप्रमाणें ती एकाच्याच अंगास नीट बसे. कुटुंब आणि सामानसुमान नेण्यासाठीं 'उमियाक' नांवाची मोठी, उघडी नाव निराळी असे, आणि ग्रीनलंडांत ती स्त्रियाच वल्हवीत. कयाक मात्र पारध्याची.

ह्या होडीचें सारें सामर्थ्य तिच्या निःशब्दतेंत होतें. तिचें वल्हें दोन्ही टोकांस पातें असलेलें. तें आळीपाळीनें डावीउजवीकडे बुडवितांना फारसा आवाज होत नसे. श्वास घेण्यासाठीं सील पाण्यावर डोकें काढतो तेवढ्या अवधींत त्याला गांठून बरची फेकावयाची. बरचीच्या दोरीस हवा भरलेल्या कातड्याचा फुगा बांधलेला असे, म्हणजे जखमी जनावर खालीं गेलें तरी त्याचा माग चुकत नसे. पुढें बंदुका आल्या, तेव्हां ग्रीनलंडांतील शिकारी होडीच्या नाळेवर पांढऱ्या कापडाचा आडोसा उभारूं लागले. सीलला दुरून तो बर्फाचा तुकडा वाटे. ह्यांत क्रौर्य शोधणें अन्यायाचें होईल. सील हेंच त्या लोकांचें अन्न, वस्त्र आणि दिव्यांतील तेल होतें. किंबहुना सीलची पारध सीलच्याच कातड्यांत बसून होत असे. इतकेंच कीं, जनावर केव्हां वर येतें, कोठें वळतें, कशानें बिचकतें, ह्याचें जें सूक्ष्म ज्ञान पारध्यापाशीं असे, त्याचा शेवट बरचींत होई. पाहणें ही मारण्याची पूर्वतयारी होती.

युरोपांत ह्या होडीस छंदाचें रूप देण्याचें श्रेय बहुतेक जॉन मॅक्ग्रेगर ह्या स्कॉटिश वकिलाकडे जातें. उत्तर अमेरिकेच्या प्रवासांत त्यानें तिकडील होड्या पाहिल्या होत्या. १८६५ सालीं त्यानें लंडनमध्यें 'रॉब रॉय' नांवाची होडी बांधवून घेतली. कातड्याऐवजीं ओक आणि सीडर ह्यांचें लांकूड, लांबी १५ फूट. परंतु वरचा भाग झांकलेला आणि वल्हें दोन पात्यांचें, हे कयाकचे दोन्ही विशेष तिच्यांत कायम होते. त्याच वर्षीं तो तिच्यांतून युरोपांतील नद्या व सरोवरें हिंडला, आणि १८६६ सालीं त्याचें प्रवासवृत्त प्रसिद्ध होतांच इंग्लंडांतील सुशिक्षित तरुणांत ह्या होड्यांचें जणूं वेडच पसरलें. अमेरिकेंत जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा 'नेसमुक' ह्या टोपणनांवानें लिहिणारा एक चांभार होता. अंगानें किरकोळ आणि क्षयानें जर्जर. १८८३ सालीं रश्टन ह्या कारागिरानें त्याच्यासाठीं ९ फूट लांबीची व अवघ्या साडेदहा पौंड वजनाची होडी बांधून दिली. त्या होडींतून ॲडिरॉन्डॅक प्रांतांतील तळ्यांतून त्यानें २६६ मैलांचा प्रवास केला. डिकन्सच्या कादंबरींतील मद्यप्रिय दाईवरून त्यानें होडीचें नांव 'सेअरी गॅम्प' असें ठेविलें, कारण तीहि पाणी म्हणून घेत नसे!

होडी ह्याप्रमाणें बदलली. पण होडींत बसणाऱ्याची दृष्टि बदलली काय? ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं मॅक्ग्रेगरच्या मागें वीस वर्षें जावें लागतें, आणि तेंहि मॅसॅच्युसेट्समधील एका लहान तळ्यावर. ज्याच्या कायदेभंगावरील निबंधाबद्दल गांधीजींनीं आदर व्यक्त केला, तो हेन्री डेव्हिड थोरो १८४५ च्या जुलै महिन्यांत वॉल्डन तळ्याच्या कांठीं झोंपडी बांधून राहूं लागला. तळें सुमारें ६१ एकरांचें. पण त्याला बूड नाहीं अशी लोकांची समजूत. थोरोनें १८४६ च्या हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्याच्या बर्फास भोंकें पाडून दोरीनें खोली मोजली, ती १०२ फूट भरली. त्याची होडी कयाक नव्हती, साधीच होती. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं तो तींत बसून बांसरी वाजवी आणि भोंवतीं घोटाळणारे मासे पाही. दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळें त्याचा १८५४ चा ग्रंथ मराठी वाचकांस परका राहिलेला नाहीं.

त्या ग्रंथांत लून नांवाच्या पक्ष्याची एक हकीगत आहे. हा पक्षी आपल्याकडील टिबुकलीप्रमाणें बुडी मारण्यांत पटाईत, परंतु आकारानें कितीतरी मोठा. त्याचे पाय शरीराच्या अगदीं मागच्या टोकास असल्यामुळें पाण्याखालीं तो बाणासारखा जातो. जमिनीवर मात्र त्यास धड चालतांहि येत नाहीं. शरद ऋतूंत लून तळ्यावर उतरला कीं, गांवांतील शिकारी बंदुका आणि दुर्बिणी घेऊन कांठावर जमत. थोरोहि त्याच्या मागें लागला, पण वल्हें घेऊन. पक्षी बुडी मारी. तो आतां कोठें वर येईल ह्याचा अंदाज बांधून थोरो होडी वळवी. आणि पक्षी भलत्याच ठिकाणीं वर येऊन वेड्यासारखा हंसे. हा डाव बराच वेळ चालला आणि त्यांत पक्षी जिंकला. रानांत राहावयास येण्यापूर्वींच थोरोनें आपली बंदूक विकून टाकली होती. पक्षिशास्त्राच्या अभ्यासासाठीं बंदूक हवीच, ही सबब एके काळीं त्याचीहि होती. आणि त्या काळीं तीत नवल नव्हतें, कारण ऑडुबॉनसारखा थोर चित्रकारहि पक्षी मारून मगच रंगवीत असे. पुढें थोरोस उमगलें कीं, बंदूक नसली म्हणजे पक्ष्याच्या संवयींकडे अधिक बारकाईनें पाहावें लागतें, आणि तोच अभ्यास अधिक उंचीचा. आमच्या मतें ह्या होडीच्या इतिहासांतील खरी क्रांति ती हीच. ध्रुवाकडील पारध्याचें सारें कौशल्य येथें आहे. फक्त शेवटची फेंक गळाली आहे.

मात्र एकट्यादुकट्याच्या उमजण्यानें पक्षी वांचत नाहींत. मॅसॅच्युसेट्समध्यें घरटें करणारा लून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाहींसा झाला. तो पुन्हां घरटें करतांना आढळला १९७५ सालीं, क्वाबिन नांवाच्या जलाशयावर. गळास लावलेलीं शिशाचीं वजनें गिळून हे पक्षी विषबाधेनें मरतात, हें कळल्यावर २०१२ सालापासून त्या राज्यानें आंतल्या सर्व पाण्यांत तसलीं लहान वजनें वापरण्यास बंदी केली.

आतां होडीकडे पुन्हां वळूं. १९७० नंतरच्या दशकांत कयाक साच्यांत ओतलेल्या प्लॅस्टिकची होऊं लागली, स्वस्त झाली, आणि ज्याला वल्हें धरतां येतें त्याला तळें मोकळें झालें. परंतु तिचा मूळ गुण गेलेला नाहीं. यांत्रिक होडी गोंगाट करते, पण निदान दुरून वर्दी तरी देते. उथळ पाण्यांत, लव्हाळ्यांत ती शिरूंहि शकत नाहीं. कयाक मात्र वर्दी न देतां नेमकी घरट्यापाशीं पोंचते. लूनचें घरटें असतें अगदीं पाण्याच्या कडेला. कोणी फार जवळ आलें कीं, अंड्यांवर बसलेला पक्षी मान लांबवून घरट्याच्या कडेवरून खालीं टाकतो आणि निपचित पडतो. अनभिज्ञ प्रेक्षकास वाटतें, पक्षी निर्धास्त झोंपला आहे! वस्तुतः तें भीतीचें लक्षण आहे. होडी आणखी पुढें सरकली तर तो पाण्यांत उतरतो, अंडीं थंड पडतात किंवा दुसऱ्या प्राण्याच्या तोंडीं जातात. हातांत शस्त्र नसलें तरी कौतुकानेंहि पारध होऊं शकते, ती अशी.

म्हणून वरील रूपांतर अजून अपुरें आहे, असें आम्हांस म्हणावें लागतें. नुसती बरची खालीं ठेविल्यानें पारध्याचा प्रेक्षक होत नाहीं. पारध्याची विद्या जवळ कसें जावें ही. प्रेक्षकाला त्या विद्येबरोबर कोठें थांबावें हीहि शिकावी लागते. कयाकच्या वल्ह्यास दोन पातीं आहेत, आणि तीं जितक्या शांतपणें होडी पुढें नेतात तितक्याच शांतपणें मागेंहि घेतात. पक्ष्यानें मान खालीं टाकलेली दिसतांच ज्याला वल्हें उलटें मारण्याची बुद्धि होते, त्याच्यापुरता हा इतिहास पुरा झाला.