तिघांची जीप, पाचांचा संसार

रायपूरला पोस्टिंग आलं, फॅमिली क्वार्टर मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात बायकोने विषय काढला, "आता गाडी घ्यायची." लेक चार वर्षांची, धाकटा सहा महिन्यांचा, आई सोबत राहायला आलेली. गाव साताऱ्याकडे, म्हणजे सुट्टीवर जायचं तर एका बाजूचेच अकराशे किलोमीटर.

माझ्या मनात भरती झाल्यापासून एकच गाडी होती, डिस्पोजलची जिप्सी. तसं घरी सांगितलं. बायकोने शांतपणे विचारलं, "आई आणि लेक मागच्या आडव्या बाकावर. आणि बाळ कुणाच्या मांडीवर?"

उत्तर सुचेना. मग या गाड्या मुळात कुणासाठी बनल्या, ते वाचत बसलो.

1940 साली अमेरिकन सैन्याला हलकी टेहळणी गाडी हवी होती. नमुना हजर करायला मुदत फक्त 49 दिवसांची. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा केला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी दाखल झाली. मागणी काय होती? माणसं तीन, चारही चाकांना ताकद आणि वजन कमीत कमी. त्यामुळे दारं नाहीत आणि छप्पर कापडी. पुढे विलीसने आपलं 60 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि ती जीप जगभर गेली. आपल्याकडे 1947 पासून महिंद्राने मुंबईत तिचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली.

जुन्या फौजींचा जीव मात्र जोंग्यात. निसानच्या पेट्रोल गाडीवरून जबलपूरच्या कारखान्यात ती 1969 पासून 1999 पर्यंत बनली. पेट्रोल किती प्यायची ते एमटीवाल्यांना विचारा! डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी बाजारात आली, सुरुवातीला 970 सीसीची. पुढे फौजेने तिला आपलंसं केलं, ते तिच्या हलकेपणामुळे. चिखलात रुतली तर चार जवान ढकलून बाहेर काढतात.

पण फौजेची गरजही बदलली. 2017 मध्ये जिप्सीच्या जागी 3,192 सफारी स्टॉर्म गाड्यांची ऑर्डर निघाली. पक्कं छप्पर, एसी आणि 800 किलो भार वाहायची क्षमता. हे वाचून मी थोडा वरमलो. फौजच जिप्सी सोडायला निघाली होती आणि मी तीत सहा महिन्यांचं पोर बसवायला निघालो होतो.

शिवाय 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा पाळणा-सीटशिवाय नेलं तर 1,000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. ब्रेक लागल्यावर मांडीवरचं बाळ धरून ठेवणं कुठल्याही पैलवानाला जमत नाही. आडव्या बाकावर पाळणा-सीट बांधायची कुठे?

मग कागदावर तुलना मांडली. 2020 ची थार तीन दारांची. आई पुढची सीट वाकवून मागे कशी शिरणार? 2023 ची पाच दारांची जिम्नी मनात भरली, फोर बाय फोर सगळ्याच मॉडेलला, पण सीट चार. आम्ही पाच, विषय संपला. फोर्सची पाच दारी गुरखा सात जणांना घेते, पण आईचे गुडघे पाहता चढायला फार उंच. राहिली 15 ऑगस्ट 2024 ला आलेली थार रॉक्स. पाच सीट, सहा एअरबॅग, पाळणा-सीटसाठी आयसोफिक्स आणि भारत एनकॅपचे पाच तारे.

आता फोर बाय फोर घ्यावं का? खरं सांगतो, रायपूर-नागपूर हायवेला त्याची गरज नाही. जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो, तोही डांबरी. वर्षातले दहा दिवसही लागणार नाही. तरी घेतलं. पुढचं पोस्टिंग कुठे येईल ते कुणी सांगावं? पैसे मात्र जास्त गेले, हप्ता अजून चालू आहे. आईसाठी पायरी बसवून घेतली.

या मुलखात मराठे दोनदा आले. 1741 मध्ये भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर घोडदळ घेऊन आला आणि पुढे गेला. 1758 मध्ये बिंबाजी भोसले आले ते राहायला, तब्बल 29 वर्षं. बिंबाजींच्या मागे पत्नी आनंदीबाईंनी कारभारात लक्ष घातलं. स्वारीचं सामान आणि बिऱ्हाडाचं सामान तेव्हाही वेगळंच असणार.

गेल्या महिन्यात सगळे केशकालला जाऊन आलो. आईला मागची खिडकीची जागा आवडली. धाकटा घाटभर झोपला होता. डिस्पोजलच्या जिप्सीचा विचार मी पेन्शनपर्यंत पुढे ढकलला आहे.

जय हिंद.