सिनेमातली तलवार घरी बनवताय? आधी हे वाचा

ऐतिहासिक सिनेमा पाहिला की तशी तलवार आपल्याकडेही असावी, असं अनेकांना वाटतं. पण ती पोलादी हवी की फोमची, यावर बरंच काही ठरतं. मे 2018 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले होते.

कायदा काय सांगतो?
शस्त्र कायदा, 1959 नुसार धारदार, प्राणघातक हत्यार म्हणजे शस्त्र. मात्र जी वस्तू खेळण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही आणि जिचं खऱ्या हत्यारात रूपांतरही होत नाही, ती या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे धार लावता येईल असं धातूचं पातं असलेलं किट टाळा.

मग बनवायची कशी?
ईव्हीए फोमच्या शीटवर आकार काढून दोन सारखे तुकडे कापा. मध्ये पीव्हीसीचा पातळ पाइप ठेवून ते चिकटवा. हीट गन फिरवली की फोमची छिद्रं बुजतात. मग फेव्हिकॉलचे दोन-तीन पातळ हात द्या, वाळल्यावर चंदेरी ॲक्रिलिक रंग लावा. चिकटवताना आणि तापवताना खिडक्या उघड्या ठेवा.

बाहेर नेताना?
महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. लांबून फोमची तलवारही खरीच दिसते. म्हणून रील घरातच शूट करा आणि तलवार फोमची असल्याचं कॅप्शनमध्ये लिहा.