अडीच पेन्सची लढाई

किमान वेतनाचा कायदा झाला की ते वेतन मजुराच्या पदरात आपोआप पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. इंग्लंडात कायदा झाला आणि पैसे मात्र मिळेनात, असा प्रसंग आला होता. त्यातून वाट काढली ती कोणा मुत्सद्द्याने नव्हे, तर लोहारकाम करणाऱ्या काही शे बायकांनी. ती हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस क्रॅडले हीथ नावाचे गाव आहे. लोखंडी साखळ्या घडविणे हा तेथला धंदा. जहाजांच्या अवजड साखळ्या कारखान्यांतून पुरुष घडवीत. बारीक साखळ्या घरामागच्या खोपटांतून बायका घडवीत. भाता ओढावयाचा, तापलेली सळई ऐरणीवर घेऊन कडी वळवावयाची, ती आधीच्या कडीत अडकवावयाची आणि हातोड्याने सांधा जुळवावयाचा, असे हे काम दिवसभर चाले. मुलेबाळे तेथेच धुरात वाढत. सळया देणारा व तयार माल नेणारा मध्यस्थ आपला हिस्सा आधी काढून घेई. आठवड्याला पन्नासांवर तास राबून बाईच्या हाती पाच-सहा शिलिंग पडत.

१९०६ साली 'डेली न्यूज' या पत्राने लंडनमध्ये अशा पिळवणुकीच्या धंद्यांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा सुखवस्तू लोकांनी हे श्रम प्रथमच डोळ्यांनी पाहिले. १९०९ साली चार धंद्यांसाठी वेतनमंडळे नेमण्याचा कायदा झाला. तो मांडणारे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. होय, तेच चर्चिल! साखळीच्या मंडळाने १९१० साली या बायकांसाठी ताशी अडीच पेन्स असा दर ठरविला. ५४ तासांचे ११ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे मिळकत जवळजवळ दुप्पट.

परंतु कायद्याला एक पळवाट होती. कामगाराने लेखी संमती दिली, तर आणखी सहा महिने जुना दर देता येत असे. मालकांनी लगोलग संमतीचे कागद पुढे केले. कित्येक बायकांना वाचता येत नव्हते. त्यांनी खुणा केल्या. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाची संमती ती काय, आणि तिला कायद्याने किती मान द्यावा!

मेरी मॅकार्थर ही तीस वर्षांची स्कॉटिश तरुणी स्त्री-कामगारांच्या संघाची पुढारी होती. तिच्या सांगण्यावरून बायकांनी सह्या करण्याचे नाकारले आणि ऑगस्टअखेर भट्ट्या थंडावल्या. मॅकार्थरने वृत्तपत्रे हाताशी धरली. एवढेच नव्हे, तर पॅथे कंपनीचे चित्रपटवालेही गावात आणविले. साखळीवाल्या बायका पडद्यावर दिसल्या, आणि सुमारे चार हजार पौंड वर्गणी जमली. संप चालला तोवर चूल त्यावर पेटली. २२ ऑक्टोबर १९१० रोजी शेवटच्या मालकानेही नवा दर मान्य केला. उरलेल्या पैशांतून गावात कामगारांचे सभागृह उभे राहिले. ते १९१२ साली खुले झाले.

आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. त्याच्या अनुसूचीत विडीचा धंदा होता, आणि विड्या वळणाऱ्या बायका आपल्या सिन्नर-सोलापुरास कोणाला ठाऊक नाहीत? त्या कायद्यातले पंचविसावे कलम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. किमान वेतनाचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार कामगाराने लिहून दिला, तरी तो रद्दबातल समजावा, असे त्यात म्हटले होते.