नऊ आण्यांचे पुस्तक : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि १८८२ सालचा छापखाना

१/ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा, प्रांत वऱ्हाड. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे नाव आज अनेकांच्या परिचयाचे आहे. मात्र पहिल्या आवृत्तीनंतर दुसरी निघायला ९३ वर्षे लागली. एवढा काळ हे पुस्तक कुठे होते, आणि ते हरवले तरी कसे, याचा हा थ्रेड.

२/ आधी थोडे मागे जाऊ. छपाईपूर्वी स्त्रीची रचना टिकायची ती कुणी मुखोद्गत केली किंवा पोथीत उतरवून घेतली तरच. तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ महानुभाव पंथाने जपले. सतराव्या शतकातील बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग वारकरी परंपरेने सांभाळले. दोघींच्या मागे संप्रदाय उभा होता. ज्या बाईच्या मागे संप्रदाय नव्हता, तिचे शब्द बहुधा जात्यावरच विरले.

३/ छापखान्याने हे चित्र पालटण्याची शक्यता निर्माण केली. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांगे छापली आणि छापील कागद घराघरांत पोहोचला. १८५४ साली सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. स्त्रीचे नाव मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

४/ तरीही बाजार पुरुष लेखकांचाच होता. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आवडीने वाचल्या जात. त्यांतील नायिका एक तर अलौकिक सुंदर आणि पतिव्रता, नाही तर कपटी आणि चंचल. स्त्री कशी असते हे पुरुष लिहीत, पुरुष छापीत आणि बहुतांशी पुरुषच विकत घेत. या पुस्तकांची एक वाचक मात्र बुलढाण्यात बसली होती.

५/ १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे बुलढाण्यात सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे येथील कचेरीत हेडक्लार्क होते. सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून त्यांनी १८७१ साली स्वतःही एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. सत्यशोधक विचारांच्या या गृहस्थांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. म्हणजे लेखनाची आणि छपाईची ओळख ताराबाईंना घरातच झाली होती. उंबरठा ओलांडण्याची मोकळीक मात्र नव्हती. मराठा घराण्याच्या रीतीप्रमाणे आपण घरात कोंडल्या गेलो आहोत, असे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच नोंदविले आहे.

६/ १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला मूल झाले तर समाज तिला जगू देणार नाही, या भयाने तिने नवजात अर्भकाचा जीव घेतला होता. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने तर या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्या वर्तनावरच कोरडे ओढले.

७/ हा मजकूर वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. साहस, कपट, चंचलपणा हे जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत किती पटींनी आहेत, हे त्यांनी एकेक दोष घेऊन तपासले. पत्नी गेल्यावर पुरुषाला लगेच बोहल्यावर चढता येते, मग पती गेल्यावर स्त्रीलाच अपशकुनी का ठरवावे? हा प्रश्न त्यांनी शास्त्रकारांना विचारला, देवांना विचारला आणि छापील पुस्तकांनाही विचारला.

८/ शेवटची गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ या लोकप्रिय कृतींची नावे घेऊन त्यांतील स्त्रीचित्रणावर ताराबाई टीका करतात. विजयालक्ष्मीला दोषी ठरविणारी नजर कुठे घडते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. ज्या छापखान्यांनी ही नजर घरोघर पोहोचविली, त्यांच्याच खिळ्यांनी तिला उत्तर द्यावे, हा निबंधाचा खरा डाव आहे.

९/ पण ते उत्तर छापायचे कुठे? त्या काळी बुलढाण्याहून पुणे गाठायचे तर घाट उतरून मलकापूरला यावे आणि भुसावळमार्गे जाणारी आगगाडी धरावी. तिथे छापखान्यात जुळारी एकेक अक्षर खिळ्याखिळ्याने जुळवी. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुढच्या कामाला घेत. दुसरी आवृत्ती काढायची तर सारी जुळणी नव्याने करायची. मागणी आणि पैसा यांवाचून ते कोण करणार? शिवाय नऊ आणे म्हणजे अर्ध्या रुपयाहून अधिक. ही किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती.

१०/ १८६७ च्या पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली होती : नाव, भाषा, मुद्रक, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत. कायद्याचा हेतू नजर ठेवण्याचाही होता. आज मात्र त्या याद्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोलाच्या वाटतात. पुस्तक छापले गेले, एवढे अशा यादीवरून कळते. ते कुणी वाचले, हे सांगणारा रकाना तिच्यात नाही.

११/ वाचले गेले ते वादापुरते. पुस्तकावर टीका झाली, तीही सत्यशोधकांच्या वर्तुळातून. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांचा उल्लेख मुलीच्या मायेने ‘चिरंजीविनी’ असा केला. त्यानंतर सारे शांत. ताराबाईंचे दुसरे कोणतेही पुस्तक आपल्यापुढे नाही.

१२/ शेजारी दुसरे पुस्तक ठेवून पाहा. त्याच १८८२ साली, त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाला. रमाबाई पुण्यात वावरत होत्या. आर्य महिला समाज, व्याख्याने, हंटर आयोगापुढील साक्ष, सुधारकांची ये-जा असे सारे त्यांच्याभोवती होते. पुस्तकाच्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. त्यांच्या पुस्तकाचा सूर उपदेशाचा होता, ताराबाईंचा आरोपाचा. पण सुराइतकाच फरक पाठबळाचा होता. पुस्तक हाती घेऊन चार लोकांत जाण्याची सोय एकीला होती, दुसरीला नव्हती.

१३/ रमाबाईंनी पुढे हा धडा पुरता गिरविलेला दिसतो. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या मुलींनी आणि स्त्रियांनी जुळविले. १९२२ साली रमाबाई वारल्या. १९२४ साली ग्रंथ पूर्ण झाला. लेखणीपासून शाईपर्यंत सारी यंत्रणा हाती असेल, तर लेखिकेच्या मृत्यूनंतरही पुस्तक पुरे होते.

१४/ ताराबाईंच्या निबंधाला मात्र दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केला. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि बुलढाण्याच्या घरात लिहिलेली ही पाने जगभरच्या विद्यापीठांत पोहोचली. संप्रदाय नाही, दुसरी आवृत्ती नाही, तरीही ती वाचली. कारण ५०० प्रतींपैकी एखादी कुणीतरी फेकून दिली नव्हती.

१५/ आपण ताराबाईंना ‘पहिल्या स्त्रीवादी लेखिका’ म्हणून गौरवितो, आणि ते रास्तच आहे. पण पहिले पुस्तकच शेवटचे का ठरले, हेही त्यासोबत विचारायला हवे. लिहिणारी निपजली होती. तिला पुन्हा लिहायला लावणारा वाचक आणि छापणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

१६/ म्हणून एक विनंती, विशेषतः घाटावरच्या आणि घाटाखालच्या बुलढाणेकरांना. आजीच्या ट्रंकेत जुन्या वह्या, शाईने लिहिलेल्या ओव्या, मुखपृष्ठ गळालेले एखादे पुस्तक असेल, तर रद्दीवाला दारात येण्याआधी ते एकदा उघडून पाहा. निदान जवळच्या ग्रंथालयात दाखवा. ९३ वर्षांनी येणाऱ्या मालशांच्या हाती काहीतरी उरले पाहिजे.